डावा बूट, उजवी वाट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डावा. माझ्या अंगाला वास येतो हे मी आधीच सांगून टाकतो. नाक धरायचं असेल तर धरा, पण कान उघडे ठेवा. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गळा काढायचा असतो अशी एक पद्धत पडून गेली आहे. मला ते जमत नाही. मला राग येतो. आणि परवाचा दिवस आठवला की रागासोबत असं काही चढतं अंगात, की माझ्या लेस आपोआप ताठ होतात.

पण आधी जन्म सांगतो. एका लांबलचक शेडमध्ये मी तयार झालो. तिथे बायका रांगेने बसून शिवत होत्या. एकीने माझी जीभ शिवली, एकीने लेसची भोकं पाडली, एकीने तळ चिकटवला. चिकटवला, शिवला नाही. हे ध्यानात असू द्या. माझ्या खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा बूट कुठेही जाऊ शकतो. कुठेही जाऊ शकणारा मी सात महिने दुकानाच्या काचेमागे बसून रस्त्यावरच्या चपला मोजत होतो.

मला विकत घेतलं एका घरातल्या थोरल्या मुलाने. सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दादाने मला आरशासमोर घातलं, फोटो काढले आणि आता आपण डोंगरात पळणार असं चार जणांना फोन करून सांगितलं. प्रत्यक्षात डोंगरावर गेला तीनदा. बाकी वेळ मी बाजारात, जिन्यात आणि मित्रांच्या घरांच्या दाराबाहेर. त्यात त्याची बूट काढायची तऱ्हा म्हणजे एका पायाने दुसऱ्याची टाच दाबायची आणि उपसायचा पाय. वाकून लेस सोडायला नको. असे बूट काढणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि तुमच्यातले निम्मे असेच काढतात हेही मला ठाऊक आहे.

त्याच्याकडे आल्यापासून आठव्या महिन्यात माझा तळ पुढून सुटला. मी तोंड उघडलेल्या बेडकासारखा दिसायला लागलो. दादाने मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे उजव्याला, जिन्याखाली भिरकावलं आणि सायकल घेतली. सायकलही नंतर आमच्याच शेजारी आली, पण तो तिचा विषय आहे, ती सांगेल. मी दीड वर्ष जिन्याखाली पडून होतो. एका कोळ्याने माझ्यात घर केलं. भाडेकरू म्हणून तो दादापेक्षा बरा. निदान टाच दाबत नव्हता.

मला तिथून बाहेर ओढलं दादाच्या धाकट्या बहिणीने. वय एकोणचाळीस. मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायचं काम. वॉर्डातून तपासणीला, तपासणीतून लिफ्टला, लिफ्टमधून पुन्हा वॉर्डात, दिवसभर. “बाजूला व्हा, वाट द्या” हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणते की हॉस्पिटलात तिला ‘बाजूला व्हा बाई’ म्हणूनच ओळखतात. घरात तिचं नाव गोगलगाय. ते दादाने ठेवलेलं. कारण ती पळते, पण हळू पळते. फार हळू. आणि दमली तरी थांबत नाही, हे मात्र दादाच्या नावात बसलं नाही.

तिने मला झटकलं, कोळ्याला हलकेच पायरीवर सोडलं आणि आम्हा दोघांना घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिथे त्यांच्या बाबांचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. एक खिडकी, एक तीन पायांची लोखंडी ऐरण, ग्राहकाला बसायला एक बुटकं स्टूल, आणि त्या स्टुलासमोर बाबा. सत्तरी ओलांडलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी मला उलटा केला. मित्रांनो, जन्मल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला खालून पाहत होतं.

“वरून सोनं लावलंय आणि खालून गोंद,” बाबा म्हणाले. “ठेव इथे.”

त्यांनी माझा सगळा तळ काढला, नंतर उजव्याचाही. ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापला, रापीने त्यात खोल खाचा पाडल्या, आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने तो मला शिवला. दुहेरी शिवण. दुखलं का? दुखलं. पण पोटात कुणीतरी आधार घालतंय असं दुखणं होतं ते. मी एका मापाने मोठा होतो, म्हणून ती दोन मोजे घालायची. बस. आमचं जमलं.

आता या दुकानातली एक खोड सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. ग्राहक समोर स्टुलावर बसतो आणि पाय पुढे करतो. बाबांच्या डाव्या हाताला जो पाय येतो, त्याला बाबा डावा म्हणतात. म्हणजे ग्राहकाचा उजवा. चाळीस वर्षं हेच. चिठ्ठीवर ‘डा’ लिहिलं की तो उजवा बूट समजायचा. जुन्या ग्राहकांना माहीत होतं, नवे आधी भांडायचे आणि मग शिकायचे. मी डावा, पण त्या खोलीत मला उजवा म्हणतात. मुलगी लहानपणी त्याच स्टुलावर बसून बाबांना सुई ओवून द्यायची. “डावा दे गं” म्हटलं की ती न बघता उजवा उचलायची. शाळेत कवायतीला सगळ्या वर्गाच्या उलट वळायची आणि छडी खायची. दादा कधी त्या स्टुलावर बसला नाही. त्याला चामड्याचा वास आवडत नसे.

आता शर्यत. एकवीस किलोमीटर, डोंगरातून. तेरा किलोमीटर चढ, मग माथा, मग आठ किलोमीटर पलीकडच्या बाजूने उतार. माथ्यावर चौकी. सकाळी नऊला सुटायचं आणि साडेअकराच्या आत चौकी गाठायची. नाही गाठली तर तुमचं नाव कापतात आणि निळ्या सीटांच्या गाडीत बसवून आल्या रस्त्याने खाली आणून सोडतात. ती दोन वर्षं त्या गाडीतून आली होती. पहिल्या वर्षी एकोणीस मिनिटं कमी पडली, दुसऱ्या वर्षी चार. डोंगराची पलीकडची बाजू तिने पाहिलीच नव्हती.

“मला नंबर नको की बक्षीस नको,” ती बाबांना म्हणाली होती. “मला पलीकडची बाजू उतरायची आहे. गाडीतून नाही. पायांनी.”

आणि हे यंदाच व्हायला हवं होतं. हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिचा गुडघा दाबून पाहिला होता आणि सांगितलं होतं की या वर्षी पळा, पुढच्या वर्षी मला विचारायलासुद्धा येऊ नका.

शर्यत भरवणारे एक निवृत्त कवायत-मास्तर आहेत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टी सर म्हणतात. त्यांना वाटेवर उभी राहायला माणसं हवी होती. बाबा म्हणाले, बसून बसून पाठ धरलीय, मी राहतो उभा. शिट्टी सरांनी त्यांना आदल्या दिवशी अकराव्या किलोमीटरवरचा फाटा दाखवला, बोटाने वाट दाखवली, हातात एक वॉकी-टॉकी दिला आणि म्हणाले, सगळ्यांना या वाटेने पाठवायचं. दुसरी वाट जुन्या दगडाच्या खाणीकडे जाते.

परवा सकाळी थंडी अशी होती की गवत पायाखाली करकरत होतं. पानगळ झालेली, झाडं उघडी, वाटेवर घोट्याएवढी पानं आणि पानांखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. शंभरावर माणसं जागच्या जागी उड्या मारत होती, तोंडातून वाफा सोडत होती. माझ्या आसपास नवेकोरे बूट होते, निळे, केशरी, पोपटी. एकाने माझ्या टायरकडे पाहून आपल्या मालकाचा पाय जरा लांब सरकवला. सरक बाबा. तुझाही गोंदच आहे.

दादा निरोप द्यायला आला होता. गळ्याभोवती मफलर, हातात गरम कॉफी.

“गोगलगाय, गाडीत खिडकीजवळची सीट धर या वेळी,” तो म्हणाला.

तिने वाकून माझी गाठ दोनदा मारली. भोंगा वाजला.

काय सांगू तुम्हाला! आधी शेतातली कडक ढेकळं, मग ओढा, पाणी माझ्या जिभेवरून आत शिरलं आणि दोन्ही मोज्यांतून पार झालं, मग लगेच चढ, तांबडी ओली माती, मुळं, दगड, पुन्हा मुळं. पोपटी बूट पहिल्याच चढाला घसरला आणि मालकाला गुडघ्यावर घेऊन बसला. मी नाही घसरलो. टायरच्या खाचा मातीत अशा रुतत होत्या जशी भातात पाच बोटं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोक्यावर लिहिल्याप्रमाणे वागत होतो. आणि ती! नाकाने श्वास, तोंडाने वाफ, एक-दोन, एक-दोन. तिच्या पुढे पिवळं जाकीट घातलेली एक बाई पळत होती. तिने त्या पिवळ्यावर नजर ठेवली आणि सोडली नाही. तास गेला, दीड तास गेला. नऊ किलोमीटर, दहा. घड्याळ पाहिलं तर ती चक्क सात मिनिटं पुढे होती. गुडघा कुरकुरत होता, पण कामावर होता.

दहाव्या किलोमीटरनंतर धुकं उतरलं. साधं नाही, भिंत. पिवळं जाकीट दिसायचं, विझायचं, पुन्हा दिसायचं. अकराव्याला धुक्यातून बाबा उगवले. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ आणि पळणाऱ्यांकडे तोंड करून उभे. फाटा त्यांच्या मागे वीस पावलांवर, धुक्यात गडप. तिथला बाणाचा फळा वाऱ्याने पडलेला. फिती उडून गेलेल्या. थंडीने बाबांचे दोन्ही हात खिशात.

“पुढे फाटा आहे,” ते म्हणाले, मग तिला ओळखून हसले. “डावीकडे वळ गं. वेळ आहे तुला, पळ.”

ती पळाली. फाट्याला वळली. उजवीकडे.

मित्रांनो, मी तिथेच ओरडलो असतो, पण बुटाला जीभ असून बोलता येत नाही. ओरडण्याचं कारण असं: तुम्ही माणसं चेहरे ओळखता, आम्ही तळ ओळखतो. मातीत ताजे ठसे होते. पिवळ्या जाकिटाच्या चौकटी, पोपट्याच्या चांदण्या, पाच-पन्नास तऱ्हेतऱ्हेचे तळ. पुढे गेलेल्या साठ-सत्तर जणांचे जुने, पाणी भरलेले ठसे उजवीकडे गेले होते. धुकं उतरण्याआधी बाणाचा फळा उभा होता ना, तेव्हाचे. आणि ताजे सगळे डावीकडे. खाणीकडे.

ती सातशे पावलं गेली असेल. मग लाल फीत दिसली. बरोबर वाट. पण पुढे पिवळं काही दिसेना. पायांचा आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. ती थांबली. पहिल्यांदाच खाली माझ्याकडे आणि माझ्यासमोरच्या मातीकडे पाहिलं. पाणी भरलेले जुने ठसे.

“बाबांचा डावा,” ती हळूच म्हणाली आणि हसू फुटलं तिला. ती न विचार करता बाबांच्या डावीकडे वळली होती, स्टुलावर बसल्यासारखी. आणि मग तिचं हसू गळून पडलं. कारण बाकीचे कुणी त्या स्टुलावर बसलेले नव्हते.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. माथा दीड किलोमीटर. साडेअकराच्या आत ती आरामात पोचत होती. पुढे पलीकडची उतरण. मागे फिरली तर काय होणार हे तिला आकडे न मांडता कळत होतं. मला तिच्या अंगठ्यातून कळत होतं. अंगठा पुढे जोर देत होता. एक श्वास, दोन श्वास. मग तिने टाच रोवली, मला गर्रकन फिरवलं आणि आम्ही उतारावरून मागे सुटलो.

ती धुक्यातून बाबांच्या पाठीमागून आली. ते दचकले.

“बाबा, सगळ्यांना तुमचा डावा सांगितलात ना?”

बाबांनी खिशातून डावा हात काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसा तो कुणी दुसऱ्यानेच त्यांच्या बाहीत ठेवला असावा.

“अगं, चाळीसेक माणसं असतील,” ते म्हणाले. लगेच खाणीच्या वाटेकडे चालायला लागले, वहाणा घसरत होत्या तरी.

तिने त्यांना दंडाला धरून थांबवलं. “तुम्ही इथेच राहा. आता येईल त्याला हात दाखवा. शब्द नको.”

आणि आम्ही खाणीकडे. सगळ्यांना दिलेली शिट्टी तिच्या गळ्यात होती, ती तोंडात धरली आणि वाजवत सुटली. वाजवायची, ऐकायची, पळायची. ही वाट गुळगुळीत दगडाची, वर शेवाळ. इथे माझ्या शिवणीची परीक्षा होती. पुढचा एक टाका गेला. मला जाणवला, टक्क. दुसरा धरून राहिला.

खाणीच्या काठावर ती सगळी उभी होती, धुक्यात चाचपडत, थंडीने कुडकुडत, एकमेकांशी वाद घालत. एक उंच माणूस सांगत होता की वाट काठाकाठानेच जाते. त्याचे पाय कड्यापासून दोन हातांवर होते आणि त्याच्या मागोमाग दोघं निघालेही होते. खाली किती खोल आहे हे धुक्यामुळे दिसत नव्हतं, म्हणून त्यांना भीतीही वाटत नव्हती.

“बाजूला व्हा,” ती म्हणाली. हॉस्पिटलातला आवाज. लिफ्टचं दार धरून ठेवणारा. तिघंही होते तिथे गोठले आणि मागे सरकले. “खाली खाण आहे. वाट चुकलीय. मागे फिरा, पुढच्याच्या जाकिटाला धरा, पळू नका.”

उंच माणसाने कड्याकडे पाहिलं. चार पावलं मागे आला. मग भीतीचा राग झाला, तसा तो नेहमीच होतो. कोण तो म्हातारा उभा केलाय तिथे, भेटू दे त्याला, असं बरंच काही तो बोलला. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

“तो म्हातारा माझा बाप आहे,” ती म्हणाली. “चूक त्याचीच आहे. शिव्या खाली गेल्यावर द्या, मी शेजारी उभी राहीन. आत्ता चला.”

ती अडतीस माणसं एकामागे एक फाट्यापर्यंत आली. फाट्यावर बाबा हात आडवा पसरून उभे होते, खांबासारखे. हात खाली येत नव्हता. पुढून जाणाऱ्या प्रत्येकाला ते एवढंच म्हणत होते, “चुकलं माझं.” एकेकाला. अडतीस वेळा. उंच माणूस जवळ आला, त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं आणि पुढे गेला. शेवटी ती आली तेव्हा बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“टाके?”

“एक गेलाय.”

“जातील. पळ.”

माथ्याची चौकी म्हणजे एक टेबल, एक छत्री आणि मागे निळ्या सीटांची गाडी, इंजिन चालू. शिट्टी सर वही घेऊन बसले होते. थंडीने पेन उठत नव्हतं, ते त्याच्या टोकावर हाऽऽ करून फुंकर मारत होते. बारा वाजायला आठ मिनिटं. बाबांनी वॉकी-टॉकीवर सगळं सांगितलं होतं, काही न लपवता. शिट्टी सरांनी निर्णय जाहीर केला: आमच्या माणसाच्या चुकीमुळे जे वाट चुकले, त्यांना अर्ध्या तासाची सूट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर एकेक नंबर लिहायला लागले, माणसं पलीकडे उतरायला लागली.

तिचा नंबर आला. सरांनी वर पाहिलं.

“तुम्ही तर बरोबर वाटेला होता ना? तुमचे वडीलच म्हणाले.”

मागून पिवळं जाकीट कुजबुजलं. “अहो, म्हणा ना चुकले म्हणून. कोण विचारतंय?”

एक शब्द, मित्रांनो. एवढाच. तिचा अंगठा माझ्यात घट्ट मुडपला गेला. पलीकडची वाट चार पावलांवर खाली जाताना दिसत होती. धुकं तिकडे नव्हतंच. ऊन होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी नाही चुकले. मी परत आले.”

शिट्टी सर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी वही मागेपुढे चाळली, जणू तिच्यात कुठे परत येणाऱ्यांसाठी रकाना असेल. नव्हता. चुकलेल्याला सूट होती, मदतीला धावलेल्याला नव्हती, कारण तसं कुणी करेल हे नियम लिहिताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियमाला पाय नसतात, म्हणून तो कधी कुणाच्या बुटात शिरून पाहत नाही. सर म्हणाले, मला फार वाईट वाटतं, पण तुमचं नाव कापावं लागेल. गाडी उभी आहे.

तिने गाडीकडे पाहिलं. निळ्या सीटा. खिडकीजवळची रिकामीच होती.

मग तिने पाठीमागे हात नेऊन छातीवरच्या नंबराची दोरी सोडली, कापड नीट घडी घालून वहीवर ठेवलं आणि म्हणाली, “वहीतलं नाव तुमचं, कापा. वाट काही तुम्ही केलेली नाही.” आणि उतरली.

आता यापुढचं मला शांतपणे सांगता येत नाही. आठ किलोमीटर उतार! ऊन, वारा, पानांचे ढीग, पाय टाकला की पिवळं-तांबडं उडायचं. ती हळू पळणारी बाई, मित्रांनो, खाली येताना हळू नव्हती. चाळीस किलोंचं स्ट्रेचर हॉस्पिटलच्या उतारावरून वर्षानुवर्षं ताब्यात ठेवणारे पाय होते ते. त्यांना उतार माहीत होता. वळण आलं की गुडघा वाकवायची, माझी कड मातीत घालायची, सोडायची, पुढचं वळण. एका झऱ्यावरून आम्ही उडी मारली आणि दुसऱ्यात बरोबर मधोमध पडलो. ती मोठ्याने हसली, एकटीच. उंच माणूस मागे पडला. पोपटी मागे पडला. पिवळ्या जाकिटाजवळून जाताना ती म्हणाली, “बाजूला व्हा,” आणि दोघीही हसत सुटल्या. माझा दुसरा टाका गेला, तिसरा गेला, टोकाला गार हवा आत यायला लागली. बाकीच्या टाक्यांनी दात रोवले. खाली दरीत गाव दिसत होतं, चिमण्यांएवढी घरं. हे सगळं दोन वर्षं त्या गाडीच्या पाठीमागे लपलेलं होतं.

शेवटच्या रेषेवर माईकवाला प्रत्येकाचा नंबर वाचत होता. ती आली तेव्हा त्याने तिच्या छातीकडे पाहिलं, कागद पाहिला, गोंधळला आणि म्हणाला, “आणि या... एक ताई.” दादा धावत आला. तो तिला काहीतरी चिडवायला आला होता, पण तिचं तोंड बघून तो विसरला. गुपचूप मफलर काढून तिच्या गळ्यात घातला.

थोड्या वेळाने निळ्या सीटांची गाडी आली. तिच्यातून एकटे बाबा उतरले. सरळ त्या अडतीस जणांकडे गेले, पुन्हा तेच बोलायला. ती शब्द दिल्याप्रमाणे त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, लंगडत. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. उंच माणसाने फक्त विचारलं की आजोबा, जेवलात का.

घरी आल्यावर तिने वाकून माझी लेस सोडली. गुडघा सुजून टरबुजासारखा झाला होता, वाकवत नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं, तरी लेस सोडली. टाच दाबली नाही. तुमच्याकडून मला एवढंच हवंय. बूट असो की दुसरं काही, जे तुमचं ओझं घेऊन चालतं, ते काढून ठेवताना दोन मिनिटं वाकत जा. आणि अधूनमधून उलटं करून खालूनही बघा. वरून सगळेच चांगले दिसतात.

आज पेपरात निकाल आला. दादाने सगळी यादी बोट फिरवत वाचली, खालपासून वरपर्यंत आणि पुन्हा वरपासून खाली.

“तू कुठेच नाहीस गं,” तो म्हणाला. गोगलगाय म्हणाला नाही.

ती पाय उशीवर ठेवून चहा पीत होती. “उतरण फार सुंदर आहे, दादा,” ती म्हणाली. “तू एकदा बघच.”

बाबांनी तो कागद मागून घेतला. चष्म्यातून वाचला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचला. मग त्याचा बोळा केला आणि माझ्या पोटात कोंबला. ओला बूट असाच वाळवायचा असतो, मित्रांनो. उन्हात नाही, शेगडीपाशी तर नाहीच. कागद भरून, सावलीत. म्हणून मी आता खिडकीत बसलोय, पोटात शंभरावर नावं घेऊन. त्या नावांची शाई हळूहळू फुगतेय, पसरतेय, एकमेकांत मिसळतेय. तिचं नाव त्यांत नाही. पण त्यांना भिजवणारं ते पाणी पलीकडच्या झऱ्याचं आहे, आणि ते तिने आणलंय.